इंजिन उचलण्याची जागा

माझ्या थोरल्या भावाचा, सहायम अण्णाचा उजवा पाय माझ्यामुळे मोडला. चार सेकंदांचा हिशेब चुकला होता.

तमिळ किनाऱ्यावरच्या आमच्या पारैतुरै गावाला बंदर नाही. होड्या सरळ वाळूवर येतात. आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, समुद्र चढतो तेव्हा किनाऱ्यापासून शंभरेक मीटरवर, पाण्याखाली वाळूचा एक लांब उंचवटा तयार होतो आणि लाटा त्यावर येऊन फुटतात. तो ओलांडायचा तर एका मोठ्या लाटेच्या पाठीमागून इंजिन लावून धावत यायचं आणि नेमक्या जागी इंजिन उचलायचं. लवकर उचललं तर होडीचा वेग मरतो आणि मागची लाट आत येते. उशिरा उचललं तर पाण्यातला पंखा वाळूत रुततो, होडी आडवी होते आणि लाट तिला उलथवते. एकदा उचललेलं इंजिन पुन्हा खाली सोडायला वेळ नसतो. हातात एक वल्हं उरतं, पण लाटेच्या वेगापुढे वल्ह्याने होडी थोडी सरळ धरता येते, इतकंच.

म्हणून इंजिन उचलताना होडीतले सगळे मोठ्याने एक शब्द म्हणतात: "सोपवलं!" मिस्सेत वेदीवर भाकर वर करताना आमचे फादर म्हणतात, तोच शब्द. मी तो लहानपणापासून म्हणत आलोय. जड पिशवी खाली ठेवताना आपण 'हुश्श' म्हणतो, तितक्याच सहज.

मागच्या आडीत अप्पा, म्हणजे आमचे वडील, एका लग्नाला गेले होते आणि मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत घरी होतो. इंजिनाचा दांडा माझ्या हातात होता, अण्णा पुढच्या टोकाला उभा होता. तो ओरडला, "उचल!" मी त्या आठवड्यात चर्चमागच्या खडकावर बसून चारशे बारा लाटा मोजल्या होत्या. दोन लाटांमधलं सरासरी अंतर बारा पूर्णांक चार सेकंद. माझ्या हिशेबाने इंजिनाला अजून चार सेकंद मिळत होते आणि तेवढ्यात होडी अलगद वाळूवर गेली असती. तिसऱ्या सेकंदाला पंखा रुतला. होडी उलथली ती अण्णाच्या पायावर.

तेव्हापासून अण्णा काठी घेऊन चालतो आणि आडीत त्या खडकावर उभा राहतो. आमच्याकडे हे काम कुणीतरी करावंच लागतं. होडीतून फक्त फेस दिसतो, खडकावरून फेसाखालचंही थोडं दिसतं. खडकावरच्या माणसाने लाल टॉवेल गोल फिरवला की थांबायचं. उंच धरला की निघायचं. खाली टाकला की इंजिन उचलायचं. आणि निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. मागची लाट बघितली की हात आखडतो.

त्या वर्षभरात अण्णाने मला एका शब्दाने टोचलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. पण मी होडीत त्याच्या जागी, पुढच्या टोकाला जाऊ लागलो. इंजिनाला पुन्हा हात लावला नाही.

यंदाच्या आडीतल्या त्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता निघालो. होडीत अप्पा, अम्माचा भाऊ वरुवेल मामा आणि मी. मामांनी चढता चढताच सुरुवात केली.

"काय प्रोफेसर, आज लाटेचं माप किती?"

"बारा पूर्णांक चार, मामा. तेच."

"तिला कळवलंस ना? नाहीतर बिचारी तेराव्या सेकंदाला यायची, आणि तू इथे रागवायचास."

अप्पा हसले. अप्पांचं नाव येसडिमै, म्हणजे येशूचा दास. ते समुद्राच्या पाण्यात बोटं बुडवून कपाळावर क्रूस काढत आणि मग दिवसभर काही बोलत नसत. त्या दिवशी मात्र मेव्हण्याला म्हणाले, "मच्चान, त्याला चिडवू नको. निदान मोजतो तरी. तू तर मासेही नीट मोजत नाहीस."

माकूळ चांगला लागला. आठच्या सुमाराला जाळं ओढताना अप्पा एकदम खाली बसले. मला वाटलं दोर निसटला. ते जाळ्यावर हात ठेवून बसून राहिले. गार वारा असूनही कपाळावर घाम होता.

"अप्पा?"

"जबडा दुखतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "छातीतही."

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून सात मिनिटं. अशा वेळी मला आकडे सुचतात, त्याला माझा इलाज नाही. सगळ्यात जवळचं बंदर उलट्या वाऱ्यातून अडीच तासांवर, आणि त्याच्या तोंडाशी वाळू भरलेली. आमची वाळू पंचवीस मिनिटांवर. मध्ये तो उंचवटा.

"घरी," अप्पा म्हणाले आणि इंजिनाच्या दांड्याकडे बोट दाखवून तळाशी आडवे झाले. "तू धर."

"मी नाही. मामा धरतील."

मामांनी आपला उजवा खांदा दाखवला. "हा खांदा वर जात नाही, क्लीटस. एका झटक्यात इंजिन उचलणं मला जमलं असतं तर वीस वर्षं वल्हं कशाला धरलं असतं? तुलाच धरायचंय." त्यांनी जाळं कापून समुद्रात सोडलं. ते जाळं त्यांनी आणि अप्पांनी मिळून दोन महिने विणलं होतं. सुरी परत कमरेला लावताना त्यांनी जाळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

किनारा दिसू लागल्यावर फोनला रेंज आली. मी अण्णाला लावला.

"अण्णा, अप्पांच्या छातीत दुखतंय. गाडी आणून ठेव."

"कधीपासून?"

"आठ वाजून सात."

"इंजिन कोणी धरलंय?"

फोनमधून खडकावरचा वारा ऐकू येत होता.

"मी," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बरं. मग मागे बघू नकोस. माझ्याकडे बघ. दुसरीकडे कुठेही नाही."

उंचवट्याच्या बाहेर आम्ही इंजिन हळू ठेवून थांबलो. समोर लाटा फुटत होत्या. त्यांचा आवाज कानांआधी होडीच्या फळ्यांतून तळपायांना जाणवायचा. खडकावर अण्णा दिसत होता, काठी बगलेत, टॉवेल गोल फिरत होता. थांब. खाली वाळूवर माणसं जमली होती, पांढरी जीपही होती. इतक्या जवळ की अम्माची हिरवी साडी ओळखू येत होती.

अप्पांचे ओठ करडे पडले होते. मामांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते जपमाळ म्हणत होते, इतक्या घाईने की शब्द एकमेकांत अडकत होते. मीही प्रार्थना करत होतो. मोठ्याने करत होतो हे मला कळलं नाही. वारा जरा कमी कर, प्रभू. डावीकडची लाट आधी फुटू दे. तीन मिनिटं मोकळी दे, तीन पुरेत. अण्णाला लवकर दिसू दे.

"मक्कळे," अप्पा तळातून म्हणाले. आमच्याकडे आईबाप पोरांना तसंच हाक मारतात. "त्याला होडी चालवायला शिकवतोयस का?"

मामा रडता रडता हसले. मला हसू आलं नाही.

मग समुद्र मोकळा झाला. एक लाट फुटली आणि तिच्यामागे काहीच आलं नाही. बारा सेकंद. पंचवीस. चाळीस. समोर उंचवट्यावर नुसता सपाट पांढरा फेस.

"आत्ता!" मी म्हटलं. "आत्ता जागा आहे!"

"टॉवेल फिरतोय," मामा म्हणाले.

"त्याला तिथून दिसत नाहीये!"

"तुला या खड्ड्यातून दिसतं, आणि त्याला वरून दिसत नाही? वा रे वा."

"मामा, अप्पांकडे बघा तरी!"

मी दांडा पिळला. होडी पुढे सुटली, दहा मीटर, पंधरा. तेवढ्यात अप्पांनी माझा घोटा धरला. त्या पकडीत जोर नव्हता. लहान मूल धरतं तशी होती. मी तरीही दांडा सैल सोडला.

आमच्या खालून समुद्र उचलला गेला. होडी वर गेली, मग खाली, आणि ती लाट पुढे जाऊन उंचवट्यावर उभी राहिली. चर्चचा क्रूस तिच्यामागे दिसेनासा झाला. ती फुटली. तिच्यामागून दुसरी, तिसरी, चौथी. मी पुढे गेलो असतो तर आम्ही तिथे, बरोबर त्यांच्या खाली असतो.

चारशे बारा लाटांची सरासरी मला पाठ होती आणि ती बरोबरही होती. पण सरासरी लाट कधीच येत नाही. येते ती एकच, आत्ताची, आणि तिच्याबद्दल माझ्या वहीत काहीही नव्हतं.

टॉवेल वर गेला.

अण्णाने तो दोन्ही हातांनी उंच धरला होता. मी दांडा पूर्ण पिळला. एक लाट पुढे चालली होती, तिच्या पाठीमागून आम्ही धावलो. मागून दुसरी येतेय हे मला आवाजावरून कळत होतं. मी मागे बघितलं नाही. मी लाल रंगाकडे बघत होतो. मनात मोजणी चालूच होती. उंचवट्याचा मधला भाग अजून पुढे होता, आणि इंजिन उचलायची जागा त्याच्याही पुढे. माझ्या हिशेबाने सहा सेकंद.

टॉवेल खाली पडला.

इथे? इथे उचललं तर वेग मरणार, आणि मागची लाट थेट आत येणार. हे गणित शाळेतला मुलगाही करील. अण्णा चुकला. आणि मग मनात एक गोष्ट आली, जी मी आजवर फक्त पापनिवेदनात फादरांना सांगितलीय: मी त्याचा पाय मोडला, त्याला विसर पडला असेल कशावरून? होडीत त्याचेच अप्पा आहेत, हे त्या क्षणी मला आठवलंही नाही. भीती माणसाला असं करते. तो विचार अर्धा सेकंदच टिकला, पण तेवढ्या वेळात मी माझ्या सख्ख्या भावाला खुनी ठरवून मोकळा झालो होतो.

हात दांड्यावरून सुटेना. मला तो शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलं होतं, पण आत आवाज नव्हता.

तळातून अप्पा म्हणाले, "सोपवलं."

मी दोन्ही हातांनी इंजिन उचललं.

इंजिन बाहेर आलं तशी एकदम शांतता झाली. ती शांतता मी विसरू शकत नाही. इंजिनाच्या आवाजाने आतापर्यंत लाट झाकली होती. आता फक्त तीच ऐकू येत होती, खूप जवळ, खूप उंचावरून. होडीचा वेग मेला. माझा हिशेब बरोबर होता. मामांनी वल्हं घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटले होते.

मी अण्णाकडे बघत राहिलो. त्याच्या हातात काही नव्हतं. टॉवेल खडकावर पडला होता, आता खूण करायला काही उरलं नव्हतं. तो काठीला धरून हळूहळू खाली वाकला, मोडका पाय बाजूला सरकवत, आणि गुडघ्यावर बसला. तेव्हा मला कळलं की आता त्याच्याही हातात काही नाही.

लाट आली. ती मागून आत कोसळली, कमरेपर्यंत पाणी झालं, मामांनी अप्पांना उराशी धरून वर उचललं. त्याच वेळी होडीच्या बुडाशी खरखर झाली. वाळू! जिथे अजून खोल पाणी असायला हवं होतं, तिथे गुडघाभर पाण्याखाली वाळू. उंचवटा रातोरात बाहेर सरकला होता. पंखा खाली असता तर तिथेच रुतला असता. लाटेने आम्हाला त्या वाळूवरून सरळ ढकललं, पाण्याने भरलेल्या होडीसकट, आणि मग चारी बाजूंनी माणसांचे हात होडीच्या कडांना लागले.

अप्पांना जीपमध्ये घातलं. अम्मा त्यांच्याबरोबर चढली. मी अजून होडीतच होतो. इंजिन उचललेल्या स्थितीत धरून उभा होतो, आणि माझी बोटं उघडत नव्हती. अण्णा पाण्यात आला, काठीसकट, लाटा छातीवर घेत.

"सोड," तो म्हणाला. "उचललंस ना? आता सोड."

मला जमेना. त्याने माझी बोटं एकेक करून उघडली.

हॉस्पिटलात आम्ही पोहोचलो तेव्हा अप्पांना एका दाराआड नेलं होतं. डॉक्टर येऊन अम्माकडून एका कागदावर अंगठा घेऊन गेले. म्हणाले, शिरेत अडकलेली गाठ काढायचा प्रयत्न करतोय, आता काही सांगता येणार नाही. दार बंद झालं. मामा अम्माला घेऊन तिथल्या छोट्या देव्हाऱ्यातल्या मारिया मातेसमोर जाऊन बसले. दारासमोरच्या बाकावर अण्णा आणि मी, ओल्या कपड्यांत.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "तिथे वाळू आहे म्हणून."

"पक्कं कुठे कळलं होतं?" अण्णा म्हणाला. "फेस जरा मळकट दिसला. म्हटलं, वाळू असणार. टॉवेल टाकला आणि लगेच वाटलं, चुकलं. तुमची होडी थांबलीच की. मागून ती एवढी मोठी आली."

"चुकलं असं वाटलं तुला?"

"हो. मग काय करणार? टॉवेल उचलून काही झालं असतं का आता? गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, माझं झालं, आता तू बघ."

मला वाटलं होतं मी जाणत्या माणसावर विसंबलो. तोही माझ्यासारखाच अंदाज करत होता, फक्त जरा उंचावरून.

"अण्णा, मागच्या आडीत..."

"माहीत आहे."

"मी कधी बोललो नाही."

"मग आता बोल."

"तू उचल म्हणालास आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

"चुकलंच," अण्णा म्हणाला. त्याने 'जाऊ दे' म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्याने मोडका पाय लांब केला आणि माझा खांदा टेकायला वापरला.

दाराला वर एक गोल काच होती. तिच्यातून एका यंत्राचा कोपरा दिसायचा, हिरवी रेघ उसळायची. मी घड्याळ धरून उसळ्या मोजू लागलो. पंधरा सेकंदांत सव्वीस. मग एकोणतीस. मग बावीस. दुखायला लागल्यापासून दोन तास अडतीस मिनिटं. मनात प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती आणि पुन्हा तीच होती. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. गाठ डाव्या बाजूला नसू दे. वीज जाऊ देऊ नकोस.

"किती झाले?" अण्णाने विचारलं.

"मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. पण सारखे नाहीत. मधे मधे तुटतायत. आता जर..."

"तू मोजायचा थांबलास तर ते थांबणार आहेत का?"

खरं म्हणजे मला तसंच वाटत होतं.

खडकावर निदान अण्णा होता. लाल टॉवेल होता, कधी काय करायचं ते दिसत होतं. इथे एक बंद दार होतं आणि खूण करायला कुणीच उभं नव्हतं. प्रभू आहे यावर माझा विश्वास होता, लहानपणापासून होता. पण तो आत आहे आणि मी बाहेर, आणि तो काय करणार हे मला सांगणार नाही, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. तो अप्पांना नेऊही शकत होता. तो शब्द म्हणायचा तर तेही त्यात धरून म्हणावं लागणार होतं. बाजूला काही राखून ठेवून तो म्हणता येत नाही, जसं इंजिन अर्धं उचलता येत नाही.

मी घड्याळ काढलं. पट्टा ओला होता, निघायला वेळ लागला. अण्णापुढे धरलं. त्याने न विचारता खिशात टाकलं.

"सोपवलं," मी म्हटलं.

मला बरं वाटलं नाही. शांत वाटलं नाही. होडीत इंजिन उचलल्यावर वाटलं होतं तसंच वाटलं: आवाज बंद, हात रिकामे, मागे काहीतरी प्रचंड मोठं. मी काचेकडे बघणं सोडलं. अण्णाने माझा हात धरला, की मी त्याचा, आठवत नाही. आम्ही तसेच बसून राहिलो.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं तेव्हा बाकावरचं ऊन भिंतीवर गेलं होतं. नर्स बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली केला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. अम्मा देव्हाऱ्याकडून धावत आली.

"यातला क्लीटस कोण?" नर्स म्हणाली.

मी उभा राहिलो.

"शुद्धीवर आलेत. बोलू नका म्हटलं तरी ऐकत नाहीत. सारखं एकच विचारतायत. इंजिनात खारं पाणी गेलंय म्हणे, गोड्या पाण्याने धुतलंस का?"

मी धुतलं नव्हतं.